मी भिंतीवर जाता जाता राहिले

मी एक जुनी फटफटी आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला आजही मासळीचा वास येतो. माझ्याजवळून मांजर गेलं तर थांबतं, मान वर करून पाहतं आणि आशेनं तिथंच बसून राहतं. एवढा मान हल्लीच्या कोणत्या गाडीला मिळतो, ते मला सांगा.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही. मालगाडीतून वरोऱ्याच्या स्टेशनात उतरले ते मात्र लख्ख आठवतं. काळा रंग, टाकीवर सोनेरी पट्टा, आणि अंगाला चिकटलेला कापूस. शेजारच्या गाठींतून उडालेला तो कापूस माझ्या आरशाभोवती असा काही बसला होता की हमाल म्हणाला, "हे तं म्हातारी होऊनच आली!"

माझे पहिले मालक गुणवंतराव घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीत सुपरवायझर होते. ड्युटीला निघताना ते डोळ्यांना काळा गॉगल लावायचे आणि नाकाला रुमाल बांधायचे. मला ना गॉगल, ना रुमाल. पाच वर्षं मी ट्रकांमागची धूळ खाल्ली. सकाळी किक मारली की मी आधी काळं शिंकायचे आणि मग चालू व्हायचे, आणि ती शिंक नेमकी गुणवंतरावांच्या पांढऱ्या पँटवर पडायची. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी पँट सगळ्या नेल्या, मला नेलं नाही. इरई नदीजवळच्या एका गावातल्या बुधूच्या ताब्यात मला देऊन ते निघून गेले.

बुधूच्या घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी. जाळं विणण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्याच्या बोटांना दोरा दिसला की ती आपोआप गाठी मारू लागायची. पण गाडी म्हणजे दोरा नव्हे. पहिल्याच दिवशी तो माझ्यावर बसला, आणि गावची बोडी, म्हणजे तळं, समोर दिसताच बैलांचा कासरा ओढावा तसं माझं हँडल दोन्ही हातांनी मागे ओढून ओरडला, "हो! हो! थांब ना वो!" मी काही बैल नव्हते. मी सरळ बोडीत शिरले, हेडलाइटपर्यंत. लोकांनी दोर लावून मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या सायलेन्सरमधून पावशेर झिंगे निघाले.

बुधूची बायको मैना बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी होती. तिनं पदर खोचला, झिंगे ओच्यात घेतले आणि म्हणाली, "जाळ्याबिगर एवढी मासळी तुमी जिंदगीत धरली नाई. आता सरका मांगं."

बुधू मागे सरकला तो कायमचा. मैना आठ दिवसांत गाडी शिकली. त्या काळी आमच्या भागात बाईमाणूस फटफटीवर दिसत नव्हतं. मैना नऊवारीचा काष्टा मारून हँडल धरायची आणि मागे बुधू, मांडीवर मासळीची टोपली घट्ट धरून, डोळे मिटून. आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरांमध्ये जायचो. माझा फटफट आवाज लांबून आला की बाया भांडी घेऊन दारात येत. "आली व मरळवाली!" असं कोणी म्हटलं की मला वाटायचं, मलाच म्हणतात.

मैना एकटी कधी निघालीच नाही. टोपली कोण धरणार? हे लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण माझा जीव पुढे याच गोष्टीवर अडकला.

झालं असं, की एकदा भर बाजाराच्या दिवशी माझ्या सीटखालची एक वायर तुटली. रस्त्यात ना मिस्त्री, ना दुकान, आणि उन्हात मासळी. बुधूनं खिशातून जाळ्याचा दोरा काढला आणि वायरीची दोन्ही टोकं गाठ मारून जोडली. फाटलेली सीटही मग त्याच दोऱ्यानं शिवून टाकली. शिवण इतकी देखणी की चांभारानं तोंडात बोट घालावं! गाठीत फक्त एक खोट होती. मागच्या सीटवर वजन असलं तरच ती टोकं एकमेकांना टेकायची. बुधू एकदा मध्येच उतरला आणि मी बंद पडले. बसला, चालू झाले. तेव्हा त्याला ते कळलं. मैना तेवढ्यात वजनकाटा आणायला गेली होती. बुधूनं सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, तो तर रोजच बसणार होता.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग चार वर्षांपूर्वी नहराजवळच्या गिट्टीवर माझं चाक घसरलं आणि आम्ही तिघं आडवे झालो. बुधूच्या अंगावर टोपली पडली, एवढंच. मैनाचा गुडघा मात्र फुटला. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि मी अंगणातल्या टिनाच्या सपरीत जाऊन उभी राहिले.

तिथले हाल काय सांगू! माझ्या हँडलवर सुकट वाळत घातली जायची. सीटवर एक तांबडी कोंबडी अंडी द्यायची, आणि मी हलले नसतानाही मला टोचायची. टाकी गंजली, टायर जमिनीला चिकटले.

यंदा मैनाचा धाकटा भाऊ हेमराज रिटायर होऊन गावात राहायला आला. वीज केंद्रात तो फिटर होता. ज्याच्या हातात तीस वर्षं पाना होता त्याला रिकामं बसवत नाही. त्यानं सपरीतली कोंबडी हाकलली, एक बल्ब लावला, खडूनं दारावर 'गॅरेज' लिहिलं आणि माझा नट न् नट सोडवून पोत्यावर मांडला.

आणि त्याच आठवड्यात प्रफुल्ल आला. जंगलाकडे एक रिसॉर्ट आहे, हा तिथला मॅनेजर. तो बुधूला म्हणाला, "आजोबा, जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर टांगू गाडी. इंजिन काढून. हेडलाइटमध्ये मनी प्लँट. पाहुणे फोटो काढतील."

बुधू चटकन हो म्हणाला.

मैनाला हे कळलं तेव्हा अंगणातली कोंबडीसुद्धा गप्प झाली. "माह्या गाडीच्या डोक्यात झाड लावता?" ती म्हणाली. "मले इचारलं?"

"तुयाच्यानं चालवनं होते का आता?"

"चालवतो का नाई ते मी पाहीन!" आणि मग, सगळ्यांच्या देखत, रागाच्या भरात तिनं प्रफुल्लला शब्द दिला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. मी हे चालवून दाखवली तं ठेवीन. नाई चालली तं घेऊन जा, लावा काय झाड लावाचं ते."

माझं एक चाक भिंतीवर आणि एक जमिनीवर, अशी माझी स्थिती झाली.

हेमराजनं मात्र जिवाचं रान केलं. टाकीतला गंज काढायला त्यानं तिच्यात बारीक गिट्टी आणि चिंचेचं पाणी भरलं. आता ती हलवत कोण बसणार? त्यानं माळ्यावरचा जुना पाळणा काढला, सपरीच्या आढ्याला टांगला, टाकी गोधडीत गुंडाळून आत ठेवली, आणि दोन दिवस बहीणभाऊ आळीपाळीनं झोके देत बसले. शेजारची धुरपता रस्त्यानं जाताना थबकली, घरी गेली आणि झबलं-टोपडं घेऊन आली.

"पोरगी आली का कोणाची?" तिनं पदरानं तोंड पुसत विचारलं. "मले तं कोनं सांगतलंच नाई!"

"पाय ना आत," मैना म्हणाली.

धुरपतानं गोधडी उघडली आणि टाकी पाहून म्हणाली, "रंग बापावर गेला." ते टोपडं आजही माझ्या स्पीडोमीटरवर असतं, धूळ बसू नये म्हणून.

हेमराजनं पिस्टन घासला, प्लग बदलला, दिसेल ती प्रत्येक वायर नवी टाकली. सीटला मात्र त्यानं हात लावला नाही. ती शिवण पाहून म्हणाला, "भाऊजीचा हात हाय, इले ब्लेड लावाले जीव होत नाई." मला ओरडावंसं वाटलं, अरे लाव रे बाबा ब्लेड!

पोळ्याच्या चार दिवस आधी त्यानं मला स्टँडवर चढवलं, मागच्या सीटवर तिरपा बसला आणि किक मारली. चार वर्षांनी माझ्या नरड्यातून आवाज निघाला. धूर निघाला. मैनानं काठी टाकून टाळ्या वाजवल्या. "बस बाई, आता तूच चालव," म्हणत हेमराज खाली उतरला, आणि मी बंद.

मग रोज हेच. तो बसला की चालू, उतरला की बंद. पहिल्या दिवशी त्यानं कार्ब्युरेटरला दोष दिला, दुसऱ्या दिवशी पेट्रोलला, तिसऱ्या दिवशी हवेला. चौथ्या दिवशी तर म्हणाला, "बाई, हे तुले पाहून बंद पडून राह्यली."

"काऊन? मी का तिची सासू हावो?"

बुधू ओट्यावर जाळं विणत होता. मान खाली. त्याला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो! चिडून मी त्याच्याकडे हेडलाइट रोखून पाहत होते. त्याच दुपारी, घरची माणसं जेवून पडलेली असताना, तो सपरीत आला. माझ्या सीटवरून हात फिरवला.

"तुह्या भल्याचं नाई हे, मले माईत हाय," तो हळूच म्हणाला. "पण तू चालू झाली का तिचं ते पडणं मले दिसते. मी मांगं बसून काईच नाई करू शकलो, टोपलीच धरून राह्यलो." मग तो उठून गेला. त्यानंतर मला त्याच्यावर पहिल्यासारखं रागावता येईना. पण भिंतीवर जायची तयारीही होईना.

पोळा आला. आमच्या घरी बैल नाहीत, म्हणून मैना दरवर्षी मलाच सजवते. तिनं हँडलच्या दोन्ही टोकांना बेगड चिकटवली, टाकीला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत फिरत होती. त्यांच्यामधूनच प्रफुल्लचं पिकअप आलं.

"चालवून दाखवा आजी," तो म्हणाला. वाईट नव्हता तो. घड्याळ तेवढं पाहत होता.

मैनानं काठी धुरपताकडे दिली आणि माझ्यावर बसली. हेमराजनं बाजूला उभं राहून किक मारली. काही नाही. दुसरी, काही नाही. दहावी झाली, विसावी झाली. हेमराजचा सदरा घामानं पाठीला चिकटला. पोरं लाकडी बैल सोडून मोजायला लागली.

"राहू दे रे," मैना शेवटी म्हणाली. ती खाली उतरली नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून नुसती बसून राहिली, आणि तिचे डोळे भरले. उन्हात मासळी सडली तेव्हा नाही, गुडघा फुटला तेव्हा नाही. एवढ्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पिकअपवरच्या माणसानं माझ्या हँडलला दोर बांधला.

ओट्यावरून बुधू उठला. हातातलं जाळं तसंच खांद्यावर. आला, दोर सोडला. त्याला गाठ सोडायला कितीसा वेळ लागणार? आणि टांग टाकून माझ्यावर मागे बसला.

"तुमी कायले चढले?" मैना डोळे पुसत खेकसली. "संगं जाता का भिंतीवर?"

"हेमराज," बुधू म्हणाला, "मार किक."

एका किकेत मी अशी गरजले की धुरपताच्या हातातली काठी पडली. हेमराज तोंड उघडं टाकून उभा राहिला. मैनानं मागे वळूनही पाहिलं नाही, गिअर टाकला आणि आम्ही निघालो. मागून प्रफुल्ल "आजी, हळू! आजी!" करत धावला, त्याच्यामागे पोरं, पोरांमागे लाकडी बैल. बोडीच्या पाळीपर्यंत गेलो आणि परत आलो. दोघंही सरळ बसलेले होते.

मग हेमराजनं ब्लेड आणलं. सीट उघडली आणि दोऱ्याची गाठ हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. "भाऊजी, तुमाले माईत होतं! मी चार दिवस इथी हवेले शिव्या देऊन राह्यलो!"

"मले कोनं इचारलं?" बुधू म्हणाला. "सारे चालवनारीलेच इचारत होते."

 मैनानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला सगळं सांगावंच लागलं. गिट्टीचं, पडण्याचं, भीतीचं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "एवढं भेव वाटत होतं तं बोलाचं नाई? मी काय फक्त टोपली हावो धरून बसाले?"

हेमराजनं नवी वायर टाकली. आता मागे कोणी नसलं तरी मी चालते. ते पाहून बुधू दोन दिवस तोंड पाडून ओट्यावर बसला होता. तिसऱ्या दिवशी मैनानं अंगणातून हाक मारली, "अजी, येता का? नाई तं मी जोरात चालवीन." तो धावत आला. आता गिट्टी लांबून दिसली तरी तो तिच्या खांद्यावर दोनदा थोपटतो आणि ती वेग कमी करते. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जातात. जाऊ देत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी सपरीत उभं असेल तर त्याला तेल द्या, पाणी द्या, त्याच्यावरची कोंबडी उठवा. आणि नट सोडवायच्या आधी, मागे बसून ज्यानं सगळा रस्ता पाहिला, त्यालाही दोन शब्द विचारा. एवढी माझी विनंती. प्रफुल्ल अजूनही अधूनमधून येतो आणि भिंतीची आठवण काढतो. माझी काही हरकत नाही. त्यानं फक्त आधी या दोघांना माझ्यावरून खाली उतरवून दाखवावं.