गिधाडखिंडीची बातमी

अध्यक्ष महाशय, खोटं तुम्ही बोललात आणि कपाटातून मला हाकललंत. आपल्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांवर मला फेकलंत. तुमचं नाव मी घेत नाही. सोलापुरात तुम्हाला ओळखणारे पुष्कळ आहेत.

मित्रांनो, मी एक जुनी युद्धकादंबरी आहे. पुण्यातल्या एका लहानशा छापखान्यात मी स्वस्त कागदावर छापली गेले. मुखपृष्ठावर पाणबुडी होती. माझ्या कथेत पाणबुडी कुठंच नाही, सगळी लढाई डोंगरात आहे; पण चित्रकारानं पुस्तक वाचलंच नव्हतं. पुढं ते मुखपृष्ठही गेलं. इथल्या बाइंडरनं मला जाड पुठ्ठा घातला आणि पाठीला जुन्या चादरीची पट्टी लावली. त्या पट्टीवर अर्धा मोर आहे. कपाटात मी लांबून ओळखू येत असे.

मला हलकंसलकं म्हणणारे खूप भेटले. म्हणू द्या. होटगीचे रेल्वेवाले मला डब्यासोबत पिशवीत घालून न्यायचे. माझ्या कडांना शेंगाचटणीचं तेल लागलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. लोक मला का वाचायचे, सांगू? माझ्यात बटण दाबलं की क्षेपणास्त्र सुटतं आणि सुटलं की लागतं. रडार ऐन वेळी बिघडत नाही. ज्या शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तिथल्या माणसाला असं जग दोन घटका मिळालं तर त्यात वाईट काय? वाचून झालं की तो मला मिटायचा आणि कामाला लागायचा. मी कुणाला फसवलं नाही.

कुंभारीचा प्रदीप मला शाळेत असल्यापासून न्यायचा. माझ्यातला वायरलेसवाला त्याला फार आवडायचा. गिधाडखिंडीच्या चौकीवर बसून तो निरोप पाठवतो आणि त्याच्या निरोपावर तोफा चालतात. प्रदीप मोठा झाला, सैन्यात गेला आणि खरोखर संदेशांच्याच कामाला लागला.

त्याची आई येसूबाई माझ्यावर जाम चिडून होत्या. "ह्या मोरवाल्या पुस्तकानंच माजं पोरगं नेलं," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. पण प्रदीपचा फोन लागेनासा झाला की याच येसूबाई मुलीला म्हणायच्या, "प्रिया, जा की गं, आण त्याला. काय करत आसंल पोरगं, तेवडं तरी कळतंय."

मुलगी बुद्धप्रिया दवाखान्यात नर्स आहे. ती मला घरी आणून मोठ्यानं वाचायची. मात्र एक प्रकरण ती कायम गाळायची. त्या प्रकरणात शत्रू चौकीत शिरतो आणि वायरलेसवाला आपल्याच चौकीवर तोफा मागवतो. "तोफा थांबवू नका. आम्हाला आता मोजू नका," हा त्याचा अखेरचा निरोप. त्या पानांपाशी आली की बुद्धप्रिया सरळ पुढच्या प्रकरणावर उडी मारायची आणि वायरलेसवाल्याला सुट्टीवर गावी पाठवायची. येसूबाईंना ही सुट्टी फार आवडायची. "गावाकडं जेवाय काय केलंतं?" असंही त्या विचारायच्या. मग बुद्धप्रियाला भाकरी आणि वांग्याचं कालवण पदरचं रचावं लागायचं.

अलीकडं सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर माणसं ओरडू लागली. अध्यक्ष महाशय, तेव्हा तुम्ही मला घरी नेलंत, एका पानाचा फोटो काढलात आणि परत पाठवलंत. दुसऱ्याच दिवशी मी कुंभारीला गेले, कारण प्रदीपचा फोन बंद झाला होता.

आणि मग सकाळी सकाळी शेजारचे विरुपाक्ष हातात मोबाईल घेऊन आले. चेहरा उतरलेला. बुद्धप्रिया डबा भरत होती. त्यांनी तिला बाजूला बोलावलं, पण येसूबाईंनी दारातच अडवलं.

"काय आसंल ते माज्यापुढं वाचा."

विरुपाक्षांनी वाचलं. "आतल्या गोटातली पक्की बातमी. गिधाडखिंडीची संदेश चौकी पडली. एकही जण वाचला नाही. अखेरचा निरोप, तोफा थांबवू नका, आम्हाला आता मोजू नका. त्यातला एक जवान आपल्या सोलापूर जिल्ह्यातला. सर्वांना पाठवा." खाली तुमचं नाव होतं, पदासकट.

येसूबाई मटकन खाली बसल्या. शेजारणी जमल्या, कुणीतरी पाणी आणलं.

बुद्धप्रिया मात्र टीव्हीकडं धावली आणि तिनं वर ठेवलेल्या मला खाली ओढलं. "आई, ही बातमी न्हाय! ह्यातलं हाय हे! गिधाडखिंड ह्या पुस्तकाबाहेर कुटंच न्हाय!"

"तू वाचलंस न्हवं समदं. त्यो तर सुट्टीवर गेलता की."

आता काय करणार? जे प्रकरण आईपासून लपवलं, तेच तिला आईपुढं वाचावं लागलं. उभ्यानं, रडत रडत तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. विरुपाक्ष मोबाईलवर बोट ठेवून शब्द न शब्द ताडून पाहत होते. माझा एक शब्दही तुम्ही बदलला नव्हता, महाशय. स्वतःची भर घातलीत ती एवढीच, 'पक्की बातमी', 'सर्वांना पाठवा' आणि सोलापूर जिल्ह्याची.

येसूबाईंनी डोळे पुसले. "म्हंजे ते कालवण?"

"मीच केलं, आई."

"लबाड कुटची!" त्या म्हणाल्या आणि पोरीला घट्ट धरून मग मोठ्यानं रडल्या.

प्रदीपचा फोन पुढं दोन दिवसांनी आला. "आई, जेवलीस का?" एवढंच बोलला. बरा आहे.

पण येसूबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. मला पदराखाली घेऊन त्या वाचनालयात आल्या. तुम्ही खुर्चीवरून उठलाही नाहीत. म्हणालात, "बाई, भावना समजून घ्या. लोकांचं मनोबल वाढावं म्हणून केलं. असल्या पुस्तकांनीच गोंधळ होतो, आजच काढून टाकतो." आणि शिपायाकडून मला मागं फेकून दिलंत.

मित्रांनो, तुम्ही पुस्तकं जपता, पानं दुमडत नाही, हे चांगलंच आहे. पण कथेला कथाच राहू द्या. माझ्यावर ठळक अक्षरांत 'कादंबरी' असं छापलेलं आहे. माझ्यातली लढाई रंगवून सांगा, खेळा, स्वप्नात तोफा उडवा, मला आवडेल. फक्त तिच्या खाली 'पक्की बातमी' असं लिहू नका. तुमच्या मोबाईलवर आलेलं पुढं ढकलण्याआधी विचारा, हे कुणी पाहिलं?

येसूबाईंनी हेच विचारलं आहे. मागच्या खोलीचं दार उघडं आहे, मला सगळं ऐकू येतं. अध्यक्ष महाशय, त्या तुमच्या टेबलासमोर बाकावर बसल्या आहेत. शिपायानं चहा आणला, त्यांनी घेतला नाही. तुम्ही कागद चाळताय, फोन कानाला लावताय, मला मीटिंग आहे म्हणताय. त्या हलत नाहीत.

"सायेब, माजं पोरगं मेलं म्हनून तुमाला कोन बोललं? त्येचं नाव सांगा. मग जाते मी."

ऐकलंत ना? बाई थांबल्यात. नाव सांगा.