कापडामागचा श्वास

मित्रांनो, जिन्याखालच्या अडगळीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेला मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. गिटारच्या तारेचा बारीक आवाज मोठा करून जगाच्या कानी घालणे, हा माझा धर्म. आज माझ्या अंगावर धुळीचा थर आहे, शेजारी मोडकी छत्री आहे, आणि पाठीमागची एक तार कापलेली आहे. ही अवस्था पाहून तुमचे अंतःकरण द्रवेल. तथापि दया दाखवण्याची घाई करू नका. आधी माझी कर्मकहाणी ऐका.

माझा जन्म रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मामांच्या टेबलावर झाला. मामांची थोरली बहीण लोकांचे कपडे शिवीत असे. तिच्या शिलाई यंत्रासमोर वर्षानुवर्षे एक रेडिओ बसलेला होता. गाणे लागले की ती गुणगुणे. रेडिओ बंद असला तरीही गुणगुणे. ओळ संपली की दाताने दोरा तोडावा तसा एक छोटासा श्वास घेई आणि पुढची ओळ धरी. एके दिवशी रेडिओने मान टाकली. तेव्हा मामांनी त्याचा स्पीकर काढून माझ्या लाकडी पोटात बसवला, कारण बहिणीच्या मुलाला गिटारचे वेड लागले होते. तो स्पीकर हाच माझा कंठ. त्यावरचे तपकिरी कापड बहिणीने स्वहस्ते शिवले, अर्थात गुणगुणतच.

"ताई, याच्यासमोर जपून बोल हं," मामा हसून म्हणाले. "स्पीकर नुसता बोलत नाही. उलटा जोडला तर ऐकतोसुद्धा."

"मग तुझ्यापेक्षा बराच म्हणायचा," ती म्हणाली. "तू सुलटासुद्धा ऐकत नाहीस."

त्या मुलाला घरात धाकट्या म्हणत. पुढे भिंतीवरच्या जाहिरातींत त्याचे नाव 'वादळ' असे झाले. त्याची बोटे तारांवर पडत ती पाऊस पत्र्यावर पडावा तशी. स्टुडिओत मात्र माझा आवाज कोरडा पडे. सबब त्याने आपले सर्व अल्बम घरातल्या त्या खोलीतच ध्वनिमुद्रित केले. एका भिंतीला मी, समोर शिलाई यंत्र, आणि यंत्रावर त्याची आई.

पहिला अल्बम 'ठिणग्या'. शहरात एक समीक्षक होते. त्यांच्या लेखणीतून कधी गोड शब्द उतरला नव्हता, म्हणून वादक मंडळी त्यांना पाठीमागे कडूकाका म्हणत. त्या कडूकाकांनी वर्तमानपत्रात लिहिले, 'या वादकाचा वेग विजेचा आहे. परंतु वेगाखाली काहीतरी मायेचे वाहते.' घरात आनंदीआनंद झाला. त्याच आठवड्यात आईचा वरचा सूर फुटू लागला. सर्दी झाली असेल, असे सर्वांना वाटले.

दुसरा अल्बम 'काचेचे रान'. कडूकाकांनी लिहिले, 'इतर लोक तार छेडतात. हा तारेला कंठ देतो.' ते वाचले गेले तेव्हा माझ्या पोटातले काचेचे दिवे अभिमानाने तांबडे झाले. आईचा आवाज आता वाळूवरून चप्पल घासावी तसा येई. डॉक्टरांनी बॅटरी लावून तिच्या घशात पाहिले. "घसा अगदी स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आत काहीच नाही."

खरोखरच काही नव्हते, मित्रांनो.

तिसऱ्या अल्बमचे नाव 'उंबऱ्याआड'. 'दोष शोधायला बसलो आणि दिवा लावायचे विसरलो,' असे कडूकाकांनी लिहिले. इकडे आईजवळ केवळ कुजबुज उरली. मुलाला हाक मारायची झाली तर ती कात्री टेबलावर आपटी. कुजबुजीचे दोन शब्द बोलली की भिंतीला टेकून बसे.

एका दुपारी कडूकाका स्वतः घरी आले. आल्या आल्या म्हणाले, "वाजव बघू." धाकट्या वाजवू लागला. थोड्याच वेळात त्यांनी हात वर केला.

"थांब. तुझ्या बोटांना दम लागतो का रे?"

"म्हणजे काय, काका?"

"ओळ संपली की तू श्वास घेतोस. तिन्ही अल्बममध्ये आहे. लोक तुझ्या वेगाला दाद देतात, मी त्या श्वासाला दिली. कुणाचा आहे तो?"

"माझ्या बोटांचीच करामत," धाकट्या म्हणाला, आणि ते पटवण्यासाठी त्याने गिटारची वायर माझ्यातून उपटली. "हे बघा. आता हा नुसता खोका."

मी नुसता खोका नव्हतो. गुणगुणणे चालूच राहिले.

समोर आई मान खाली घालून एक बाही शिवत होती. तिचे ओठ हलत होते. ओठ तिचे, आवाज माझ्या कापडातून. ओळ संपली. तिची छाती वर झाली, आणि श्वास मी घेतला.

कडूकाकांची टोपी हातातून गळून पडली. ती उचलायचे कोणाला सुचले नाही.

मामांना बोलावणे गेले. त्यांनी माझी पाठ उघडली, बराच वेळ आत पाहिले, आणि ते जपूनच दूर सरकले. "ही स्पीकरची तार कापली तर ताईचं उरलंसुरलं वाचेल," ते म्हणाले. "पण आत गेलंय ते आतच राहील. आणि भाच्या, तुझ्या वाजवण्यातली ती जादू गेली म्हणून समज."

"अजून एकच अल्बम..." कडूकाका पुटपुटले, आणि स्वतःच ओशाळले.

आईने टेबलावर कात्री आपटली. "वाजव," ती कुजबुजली. "नाव होतंय तुझं. मला कुणाला गाऊन दाखवायचंय?"

"मला!" धाकट्या ओरडला. "मला कोण झोपवत होतं? हा खोका?"

त्याने तिच्या हातातली कात्री हिसकावून घेतली आणि माझी तार कचकन कापली.

"अरे मेल्या!" खोलीत एक घोगरा, फाटका, पण खणखणीत आवाज उमटला. "कापडाची कात्री आहे ती! धार घालवलीस की नाही?"

धाकट्या हसत होता की रडत होता, ते मला कळले नाही. माझे दिवे विझत चालले होते.

चौथा अल्बम त्याने दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर केला. कडूकाकांनी लिहिले, 'बोटे तीच. खोली रिकामी.' धाकट्याने ते आईला मोठ्याने वाचून दाखवले. "तुझ्या काकांना म्हणावं, रिकामी कशी? मी आहे की बसलेली," ती म्हणाली. तेवढी दाद त्याला पुरली. ती आता बोलते, रागावते, शेजारणीशी भांडतेसुद्धा. गुणगुणत मात्र नाही. तिची गाणी माझ्याजवळ राहिली, आणि ती परत कशी करावी, हे मामांनाही ठाऊक नव्हते. म्हणून माझे तोंड भिंतीकडे केले गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला पुसा, दुरुस्त करा. मी तुमच्याकडे उलटी दाद मागतो. माझी तार जोडू नका. वीज नसतानाही माझे कापड कधीकधी हलते. जिन्यावरून कोणी गुणगुणत उतरले की ते त्या बाजूला किंचित ओढले जाते. माझा इलाज चालत नाही. जपायचेच असेल तर तुमच्या घरात काम करता करता जे माणूस गुणगुणते, त्याला जपा. त्याला दाद द्यायला वर्तमानपत्राची वाट पाहू नका.

आणि आता इतका वेळ माझ्याजवळ बसलात, तर जाताना घरच्या कोणाला तरी एक हाक मारून पाहा. आवाज आला, तर अडगळीचे दार नीट लावून घ्या.