वेणी तोमचुकबाईंची

लेखिका बोगुमिवा शारेक यांच्या पत्राला लुत्स्यान द्रेवनिक यांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला येत्या मार्चमध्ये पंचवीस वर्षं होणार होती. आणि ते पत्र ज्या लेखाबद्दल होतं, त्याच लेखाबद्दल आज, समोरच्या खुर्चीत बसून, विद्यापीठातली संशोधक कालिना त्यांची स्तुती करत होती.

"माझ्या पुस्तकात अपवाद म्हणून तुमचं नाव घातलंय, सर. बायकांनी लिहिलं की तेव्हा सगळे नाकं मुरडायचे. तुम्ही मात्र शारेकबाईंच्या एका प्रसंगावर अख्खा परिच्छेद लिहिलात. नर्स मेलेल्या म्हातारीची वेणी घालते, आणि बोटं आपोआप लेकीची वेणी घातल्यासारखी चालायला लागतात, तो."

"हं," द्रेवनिक म्हणाले.

"गंमत म्हणजे माझ्याकडच्या आवृत्तीत तो नाहीच. ती दुसरी आवृत्ती. सेन्सॉरनं कापला असणार. त्यावर मी एक प्रकरणच लिहिलंय."

केकची बशी घेऊन आलेली त्यांची बायको फेलित्स्या दारातच थबकली. द्रेवनिकांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आणि तोमचुकबाई?" त्यांनी विचारलं.

"कोण? हां, त्या मुरंब्यावाल्या!" कालिना हसली. "त्यांचं पुस्तक कुठं मिळालंच नाही. न खपलेल्या प्रती कागदाच्या लगद्यात गेल्या म्हणे. बाईही गेल्या शरदात वारल्या. तुमचं ते वाक्य तळटीपेत घेतलंय."

ते वाक्य द्रेवनिकांना पाठ होतं. 'वीस पानं मुरंबा घोटणाऱ्या लेखिकेने लेखणी ठेवून पळीच धरावी.' लिहिलं त्या दिवशी त्यांना ते फार जमल्यासारखं वाटलं होतं.

लुब्लिनच्या एका मासिकात ते तीस वर्षं पुस्तकपरीक्षणं लिहीत. पुरुषांच्या कादंबऱ्यांना एकेक स्वतंत्र लेख मिळे. बायकांची पुस्तकं वर्षभर कपाटात साठत, आणि मार्चच्या अंकात सगळ्यांचा एकच लेख होई. महिलादिनाला कचेऱ्यांतून बायकांना एकेक कार्नेशनचं फूल वाटत, तसाच तो प्रकार. तेवढ्यासाठी पाच पुस्तकं कोण वाचणार? फेलित्स्या वाचायची. प्रत्येक पुस्तकात टिपणाची चिठ्ठी ठेवायची. द्रेवनिक चिठ्ठ्यांवरून लिहायचे, आणि लेख टाइप करायलाही तीच बसायची. त्या लेखाच्या वर्षी तेवढी ती आईच्या आजारपणात माहेरी गेली होती. टेबल आवरताना चिठ्ठ्या खाली पडल्या, आणि उचलून ठेवताना दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.

शारेकबाईंचं पत्र चार ओळींचं होतं. 'मुरंबा माझा आहे. वेणी रेगिना तोमचुक यांची. मी त्यांना ओळखत नाही, पण हे त्यांचं पहिलंच पुस्तक आहे, तेव्हा कृपया दुरुस्ती छापा. आणि एवढं कळवा, दोघींपैकी कुणाचं पुस्तक आपण वाचलं नव्हतं?'

"सोमवारी छपाईला जातंय," कालिना कोट चढवत म्हणाली. "काही आठवलं तर फोन करा, सर."

"करतो," ते म्हणाले. एवढंच. त्यांनी थंड चहा संपवला.

दार लागलं. फेलित्स्यानं न कापलेला केक टेबलावर ठेवला.

"शाबास. आता सेन्सॉरच्या माथी मार."

"मी काय केलं?"

"तेच. काही केलं नाहीस."

"तेव्हा दुरुस्ती छापायला मी तयार होतो, फेला. संपादकच म्हणाले, कोण बघतंय, बायकांचं पान आहे."

"संपादकांपर्यंत पत्र गेलंच कुठं, लुतेक? याच टेबलापाशी मी म्हटलं होतं, अरे, त्या बाईचं पहिलं पुस्तक आहे. तर तू म्हणालास, कोण बघतंय, बायकांचं पान आहे. माझ्याकडे न बघता म्हणालास."

द्रेवनिकांनी संपादकांचा आवाज आठवून पाहिला. आला तो आपलाच.

"तोमचुकबाईंनी पुढं काही लिहिलं का गं?"

"दुसरं पुस्तक प्रकाशकानं परत केलं, असं तेव्हा ऐकलं होतं. नर्स होती ती, मग इस्पितळातच राहिली असेल. आपण कुठं विचारलं?"

त्यांनी कागद ओढला आणि वर शारेकबाईंचं नाव लिहिलं. दुपारभर लिहिलं. तीन पानं झाली. फेलित्स्यानं चष्मा लावला आणि पूर्वी टाइप करायच्या आधी वाचायची तशी ती वाचू लागली.

"कामाचा ताण, हे काढ. तो काळच तसा होता, हेही काढ. काळ काही चिठ्ठ्या उचलायला खाली वाकला नव्हता."

"मग उरलं काय?"

"बघ ना काय उरतं ते."

चार ओळी उरल्या. 'आपण म्हणता ते खरं आहे. वेणी रेगिना तोमचुक यांचीच. दोन्ही पुस्तकं मी वाचली नव्हती, माझ्या पत्नीने वाचली होती. चूक माझी, आणि ती ठाऊक असून गप्प राहिलो, तेही मीच.' त्यांनी सही केली आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

"मी कशाला?"

"वाचलंस तू."

फेलित्स्यानं पेन उचललं, खाली ठेवलं, हात एप्रनला पुसला आणि मग सही केली, पूर्ण नावानिशी. तिचं नाव कुठल्या लेखाखाली कधी आलं नव्हतं. मग तिनं त्याच ओळी कालिनासाठी पुन्हा उतरवल्या आणि म्हणाली, "बिचारीचं एक प्रकरण गेलं."

"माझं तर सगळंच," द्रेवनिक म्हणाले.

"तुझं होतं काय त्यात?" ती म्हणाली, पण आवाज मऊ होता.

पोस्टात रांग होती. फेलित्स्या मागं बाकावर टेकली, तिचे पाय दुखत होते. खिडकीतल्या बाईनं दोन्ही पाकिटं उलटसुलट पाहिली.

"हे इथलंच, लुब्लिनचं. आणि हे शारेक, एल्ब्लाँग. साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर. दोन्ही."

"घाईचं आहे?"

बाईनं उत्तराची वाट न पाहता शिक्का मारला आणि पाकिटं मागच्या टोपलीत टाकली. द्रेवनिकांचा हात तसाच खिडकीच्या फळीवर राहिला, मागचा माणूस खाकरेपर्यंत.