दुपारच्या खेळातलं मरण

पडद्यावरच्या नटीने दगडावर मनगटं आपटून बांगड्या फोडल्या, तशी बायकांच्या बाकांवर मुसमुस सुरू झाली. सोयराबाई तिरडीकडे बघत होती. तिरडीवर तिचा नवरा होता.

प्रतापराव कापडगिरणीत कामाला होते. तरुणपणी चामराजपेटच्या तालमीत घुमलेले. दम कोंडून धरण्यात कुणाला हार जायचे नाहीत. तेवढ्याच गुणावर म्हैसूरच्या स्टुडिओत त्यांना प्रेताचं काम मिळालं होतं. आज त्यांनी सगळ्या घराला खेळाला आणलं होतं आणि स्वतः गल्लीतल्या चौघांसोबत पुरुषांच्या बाजूला बसले होते.

शेजारची अनुसूया हुंदके देता देता तिच्या कानाशी लागली.

"अक्का, खरंच गेल्यासारखे दिसतात हो!"

"दिसतात," सोयराबाई म्हणाली.

नाकात कापूस, कपाळाला विभूती. ती रडू येण्याची वाट बघत राहिली. त्याऐवजी मनात आलं, उद्या पहाटे चारला उठायला नको. पहिल्या पाळीसाठी न्हाणीतला हंडा तापवायला नको, डबा नको. चांगलं उजाडेपर्यंत पडून राहता येईल.

आपल्या मनात काय आलं ते तिच्या जरा उशिराच लक्षात आलं. तरी आत काही हललं नाही. प्रतापरावांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, कधी काही कमी पडू दिलं नव्हतं. सोळा वर्षांत बोट ठेवावं असं काहीच तिला सापडेना.

तिरडी उचलली गेली. लगेच गाणं लागलं आणि बायकांनी डोळे पुसले.

खेळ सुटल्यावर बाहेर उन्हात प्रतापराव उभे होते, घामेजलेले, लोकांच्या गराड्यात. तिला बघताच पुढे आले.

"काय, रडलीस की नाही?"

"रडले."

"स्वल्प की पुष्कळ?"

"पुष्कळ."

ते मनापासून हसले.

सासूबाई, रत्नाबाई, वाटभर लेकाशी बोलल्या नाहीत. घरी येताच त्यांनी त्याला पाटावर बसवलं, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मग स्वयंपाकघरात सुनेजवळ येऊन बसल्या. सोयराबाई अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती.

"आत्याबाई, दमलात. जरा पडा."

"पोटचा पोर तसा बघवेना मला. तोंड फिरवून बसले होते. तुझ्याकडे बघत होते."

सोयराबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

बाहेर ओट्यावर प्रतापराव दम कसा धरला ते गल्लीला सांगत होते. मधेच सगळे हसले. म्हातारीने आवाज खाली आणला.

"तुझे मामंजी गेले ना, तेव्हा मलाही रडू आलं नाही. घर माणसांनी भरलेलं. आणि माझ्या मनात काय, तर आज खोकला ऐकू येणार नाही, आज झोप लागेल."

"मग काय केलंत?"

"पदर घेतला तोंडावर. पदर उचलून कुणी बघत नाही."

त्यांनी सुपातल्या मूठभर शेंगा स्वतःपुढे ओढल्या. सुनेकडे बघितलं नाही. दाणे एकेक करून सुपात पडू लागले.

"तू मात्र उघडीच बसली होतीस," त्या म्हणाल्या. "अंधार होता म्हणून निभावलं."

सोयराबाईने मान हलवली.

"अगं, कॉफी!" बाहेरून हाक आली. "पाच जण आहोत!"

ती उठू लागली. रत्नाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भिंतीचा आधार घेत स्वतः उभ्या राहिल्या.

"बस तू. मी देते."