दोन्ही बाह्या डाव्या

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला कुणी सांगायला नको. तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवतेय, गिऱ्हाईकसुद्धा इथे मला विचारून शिंकतं.

पण परवा सूनबाई अगदी शांतपणे म्हणाली, "आई, आता एकदा जरी ओरडलात, तर सोमवारपासून मी समोरच्या दुकानात जाते. त्यांनी बोलावलंय."

"जा की!" म्हटलं मी, आणि लगेच पस्तावले. पोरीच्या हातात जादू आहे. आणि खरं सांगू? ती गेली तर दुकान मला खायला उठेल.

माझी नणंद योगाचे वर्ग घेते. तिच्याकडे गेले. "वन्सं, राग जाईल असं एखादं आसन सांगा."

"आसन नंतर, वहिनी. आधी अहिंसा."

"अगंबाई! मी झुरळसुद्धा मारत नाही."

"जिभेने किती मारता? राग आला की आधी दहा श्वास. मग बोला, आणि बोलाल ते खरं बोला."

आज डॉक्टरीणबाई कोट न्यायला चारला येणार होत्या. तीन वाजता सूनबाई माझ्यासमोर उभी राहिली, चेहरा पांढराफटक. "आई, दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्यात."

माझं डोकं सणकलं. शब्द अगदी ओठांवर आले होते, ते गिळले. एक. दोन. तीन. चौथ्या श्वासाला तिची नजर खुंटीवरच्या आपल्या पिशवीकडे गेली. सहाव्याला मला कापडावरची खडूची रेघ दिसली. पिवळी! सूनबाईचा खडू निळा. पिवळा माझा, त्याला मी कुणाला हात लावू देत नाही. सकाळी बाह्या मीच कापल्या होत्या, मी किती शांत झालेय ते वन्संना फोनवर सांगता सांगता.

अंगठ्याने रेघ पुसता आली असती. अंगठा पुढे गेलाही होता. पण वन्संचं ते 'खरं बोला' आडवं आलं.

"माझंच चुकलं गं," मी म्हटलं. "मीच कापल्या."

सूनबाईने डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मग दुसरा, बोटांवर मोजत.

"अगं, हे काय करतेस?"

"दहा मोजतेय. आत्याबाईंनी मलाही सांगितलंय." सातव्या श्वासाला तिला हसू फुटलं, आणि मग मलाही आवरेना.

उरलेल्या कापडातून तिने नवी बाही काढली, कोपराखाली जोड देऊन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही नवी फॅशन का?"

एरवी मी हो म्हणून मोकळी झाले असते. "नाही हो. चूक माझी, जोड हिचा." त्या हसल्या आणि कोट घालूनच गेल्या.

सूनबाईने खुंटीवरची पिशवी काढली. निघाली वाटतं ही! तिने आतून डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"खाऊन घ्या, आई. सकाळपासून नुसत्या श्वासांवर आहात. आणि सोमवारपासून पिवळा खडू मी वापरणार."

माझा पिवळा खडू! मी श्वास घेतला. एकातच भागलं.

"घे," म्हटलं.