दहावा हिस्सा

फर्दापूरच्या करीमभाईंच्या लॉजचे दोन भाग होते. रस्त्याकडच्या खोल्या करीमभाईंच्या, आणि लांबलचक आवार ओलांडल्यावर येणारी मागची इमारत धाकट्या तन्वीरची. वडिलांच्या पश्चात दोघा भावांनी सारे निम्मे-निम्मे वाटून घेतले होते. खुर्च्या, गाद्या, एवढेच काय, चिंचेखालची गाड्या लावायची जागासुद्धा. त्यामुळे गेल्या महिन्यात मोबाइल कंपनीने लॉजच्या खोल्यांत सिग्नल पोहोचवण्याची यंत्रणा बसवली, तेव्हा करीमभाईंनी बजावले होते, "सिग्नलबी निम्मा-निम्माच." तंत्रज्ञाने वाद न घालता दोन समान वाटे करणारा स्प्लिटर बसवला.

पुढच्या खोल्यांत फोनवर सिनेमे चालू लागले, आणि मागच्या खोल्यांतून साधा निरोपही जाईना. लेणी पाहून आलेले पाहुणे किल्ली घेत, फोन डोक्यावर धरून खोलीत एक फेरी मारत आणि किल्ली परत आणून देत. अखेर तन्वीरने आपल्या इमारतीची पाटी उतरवून भिंतीला टेकवली. एक तारखेपासून तो वाळूजच्या कारखान्यात कामाला जाणार होता.

तक्रार पाहायला शहरातून आलेल्या सुकेशनीने आधी सगळे कनेक्टर तपासले. ते घट्ट होते, कोरडेही होते. मग तिने केबल मोजली. पुढे पाच मीटर, मागे नव्वद.

"केबलच सिग्नल खाते, करीमभाई," ती म्हणाली. "नव्वद मीटरमध्ये दहातले नऊ भाग वाटेतच जिरतात." तिने पिशवीतून बोटभर लांबीचे तीन कपलर काढून टेबलावर मांडले. "यातला हा पुढच्या खोल्यांना तिसरा हिस्सा देतो, हा दहावा, हा तिसावा. आपल्याला दहाव्याचा लागेल. बाकीचे नऊ भाग मागं जातील."

करीमभाईंनी कपलर उलटसुलट करून पाहिला. "याला ना दिवा, ना बटन. वीज कुठून घेतो?"

"घेतच नाही. आलेलं फक्त वाटतो."

"अन् वाटतो असं? मला एक, तन्वीरला नऊ? अब्बांनी हे शिकवलं नाय."

"राहू द्या, भाईजान," तन्वीर म्हणाला. "तुमच्या पाहुण्यांचा सिनेमा अडकायचा."

"टोमणा मारतो व्हय रे?"

"इथं उभं राहून मारला म्हणून पोहोचला. मागनं मारला असता तर आलाच नसता."

दोघांच्या सह्यांशिवाय सुकेशनीला काही बदलता येत नव्हते. तिने कागद पुन्हा घडी करून ठेवला.

तेवढ्यात, आठ दिवसांनी, नळाला पाणी आले. करीमभाई उठले, भिंतीपाशी गेले आणि पुढच्या टाकीचा कॉक त्यांनी जवळजवळ बंद केला.

"तो का बंद केला?" सुकेशनीने सहज विचारले.

"मागची टाकी लई लांब हाय, ताई. हा पुरा उघडा ठेवला तर सगळं पाणी इथंच पडतं, तिकडं थेंब जात नाय. एवढासा ठेवला की दोन्ही टाक्या बरोबर भरतात."

कोथिंबीर निवडत बसलेल्या करीमभाईंच्या पत्नीने, खुशनुमाने, मान वर केली.

"आत्ता काय बोललात, ते तुम्हीच ऐकलं का?"

करीमभाईंनी कॉककडे पाहिले, टेबलावरच्या कपलरकडे पाहिले. मग लुंगीला हात पुसून म्हणाले, "कागद कुठंय?"

अर्ध्या तासात कपलर बसला. करीमभाईंनी पुढच्या खोलीत फोन पाहिला. पाचातल्या दोन काड्या गेल्या होत्या. पुटपुटतच ते आवार ओलांडून मागे गेले आणि आठ नंबरच्या खोलीत शिरले. तिथेही तीन. कोपऱ्यात तीन, खिडकीशी तीन. त्यांनी घरी फोन लावला.

"आठ नंबरात चहा पाठव. चार कप."

"आठ नंबरात कोण उतरलंय?"

"मी."

बाहेर तन्वीर बाहीने पाटीवरची धूळ पुसत होता.

"ताई," तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "तुमची शिडी दहा मिनिटं मिळेल का?"