मंगळवारची आरती

"सेक्रेटरी सुशांत परब हाजिर?"

अंबादास हिवराळेनं सोसायटीच्या ऑफिसात उभं राहून पुकारा केला. कुर्ल्याच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून त्याची सगळी नोकरी पक्षकारांची नावं पुकारण्यात गेली होती, त्यामुळे आवाज अजून खणखणीत होता. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. त्यातल्या एकीवर ए विंगमधला धाकू मेस्त्री बसला होता, आणि तोही पंख्याचा वारा खायला आलेला.

"अंबादासा, कोणाक साद घालतंस? हय मी एकटोच आसंय."

"अध्यक्षानं सभा बोलावली की हजेरी घ्यावी लागते, धाकू. नियमच हाय."

"मगे घे बाबा. मी हजर."

सभेपुढं विषय एकच होता, बी विंगची लिफ्ट. पावसाळ्यात ती बंद पडली ती पडलीच. सातव्या मजल्यावर अंबादासची बायको नंदा दोन्ही गुडघ्यांनी अधू होऊन बसली होती. मध्ये एकदा तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा मजल्यावरच्या पोरांनी खुर्चीत बसवून, ती खुर्ची उचलून खाली नेली. प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक बघत होते. घरी आल्यावर ती म्हणाली, "मेले तरच मला असं उचला." त्यानंतर ती खाली उतरली नव्हती. रविवारी विहारात वंदनेला जायची तिची सवय मोडली, आणि तिचं बोलणंही त्याबरोबर कमी झालं. तिला पुन्हा स्वतःच्या पायांनी विहाराच्या दारात उभी करायची, एवढं एकच काम अंबादासनं आता मनावर घेतलं होतं.

अध्यक्षपद मात्र त्याच्याकडे आपोआप चालत आलं होतं. घाटकोपरच्या टेकडीवर झोपड्या होत्या तेव्हा वरच्या आळीत कोकणातली घरं आणि खालच्या आळीत बौद्धांची. इमारत झाली तेव्हा खोल्यांच्या चिठ्ठ्या काढल्या, चिठ्ठ्यांनी सगळ्यांना छान एकत्र कालवलं. पण लोक चिठ्ठ्यांपेक्षा हुशार. सामान लागायच्या आत अदलाबदली होऊन वरची आळी ए विंगमध्ये आणि खालची बी विंगमध्ये जाऊन बसली. सोसायटीचं नाव तेवढं 'एकोपा' राहिलं. कमिटीत एक राखीव जागा असते, तिच्यावर अंबादास वर्षानुवर्षं बिनविरोध. यंदा ए विंगमध्येच कणकवलीवाले आणि लांजावाले यांचं फाटलं. एकाला दुसऱ्याचा अध्यक्ष चालेना, म्हणून दोघांनाही अंबादास चालला. त्या दिवशी त्यानं पेढे वाटले होते, आणि नंदानं हसून विचारलं होतं, "आता लिफ्ट चालू होईल ना?"

सुशांत परब मोबाईल कानाला लावूनच आत आला. पोरगा वाईट नव्हता. बी विंगमध्ये कुणी आजारी पडलं की स्वतःची गाडी काढायचा.

"सॉरी काका, जरा लेट झालं. ते लिफ्टचं ना, ए विंगला नवीन टाकायचं ठरलंय. तुमची सही लागेल."

"ए विंगची तर चालू हाय."

"जुनी झालीय ना. कधी वाट लागेल सांगता येत नाय."

"ठरलं कधी पण? सभा तर आत्ता हाय."

"मंगळवारी. आरती झाल्यावर बसलो होतो ना सगळे." सुशांतला यात काही वावगं दिसतच नव्हतं. "तुम्ही येतच नाय काका. कुणी अडवलंय का? या ना बिनधास्त."

कुणी अडवलं नव्हतं हे खरंच होतं. आवारातल्या गणपतीच्या देवळात दर मंगळवारी गणेश मंडळाची आरती व्हायची. मग सतरंजी अंथरून पाणी, रंगकाम, पार्किंग, वॉचमनचा पगार, सगळं तिथंच मिटायचं. रविवारची सभा म्हणजे मिटलेल्यावर सही. इतकी वर्षं अंबादासला वाटायचं, आपण मागच्या खुर्चीवर बसतो म्हणून आपलं ऐकू जात नाही. आता पुढच्या खुर्चीवर बसून कळलं की ऐकणारे इथं बसतच नाहीत.

सुशांत गेल्यावर धाकू हळूच म्हणाला, "कागद हय घेऊन बसान काय्येक होवचा नाय. आरतेक ये. नंदाक कितके दिस वर ठेवतलंस?"

घरी नंदानं विचारलं, "काय ठरलं?"

"विचाराधीन हाय."

"म्हंजे नाय," ती म्हणाली आणि गॅलरीच्या गजांतून खाली बघत राहिली.

पुढच्या मंगळवारी अंबादासनं पांढरा शर्ट घातला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तिकडं न बघता घातला. लहानपणी बापाचं बोट धरून त्यानं दीक्षा घेतली होती. तेव्हा घेतलेल्या प्रतिज्ञा, गौरी-गणपतीला देव न मानण्याचीही, त्याला अजून पाठ होत्या आणि त्यानं त्या पाळल्याही होत्या. जिन्यात त्या आठवू नयेत म्हणून तो भरभर उतरला.

देवळापाशी तो मागं उभा राहिला. आरती सुरू झाली. सगळ्यांचे हात वाजत असताना आपलेच हात लोंबते ठेवणं त्याला जड गेलं, आणि केव्हातरी तेही वाजू लागले. संपल्यावर सुशांत ओरडला, "अरे, अध्यक्ष आलेत! खुर्ची आण यार कोणीतरी." निवडून आल्यापासून त्याला अध्यक्ष म्हणणारं हे पहिलंच माणूस. लिफ्टचा विषय धाकूनं काढला. "बी विंगची आधी करून टाकू," कुणीतरी म्हणालं, कणकवलीवाल्यांनी मान हलवली, लांजावाल्यांनीही हलवली. हातावरचा पेढा संपायच्या आत विषय संपला. इतकं सोपं होतं, याचीच अंबादासला लाज वाटली.

तो वर आला तेव्हा नंदा गॅलरीत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. त्यानं प्रसादाचा पुडा पुढं केला.

"लिफ्ट होतीय," तो म्हणाला.

नंदानं पुडा वाटीत ठेवला. "परबीणबाईच्या घरचे मोदक मी कितीक वर्सं खाल्ले. ते तिनं मायेनं दिले, मी आवडीनं खाल्ले. ह्यो तुमी मागून आणला."

"तुझ्यासाठीच ना गं."

"ठावं हाय." तिनं वाटीवर ताटली झाकली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

लिफ्ट चालू झाली ती एका रविवारी सकाळी. सुशांत स्वतः तिच्यातून सातव्या मजल्यावर आला. "काकू, पहिला मान तुमचा!" नंदा पांढरं लुगडं नेसून, काठी घेऊन तयार होती. लिफ्टमध्ये आरशावर नवी पाटी लावली होती, 'गणेश मंडळाच्या सौजन्याने'. पैसा सोसायटीचा होता, त्यात बी विंगच्या प्रत्येक घराचा मेंटेनन्स होता. नंदानं पाटी सावकाश वाचली. मग अंबादासकडं एकदा पाहिलं आणि ती जिन्याकडं वळली.

"अगं, गुडघे..."

"माझेच हायेत."

"काकू, असं काय करता? लिफ्ट झकास चालतेय ना," सुशांत दार धरून म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

"चालू दे बाबा. तू जा."

एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरू लागली. चपला निसटायला लागल्या तेव्हा तिनं त्या काढल्या आणि अंबादासनं उचलून हातात घेतल्या. सहाव्या मजल्यावर दारं उघडली. लोक बघत होते, पण या वेळी तिनं मान खाली घातली नाही. शेजारून लिफ्ट घरघरत रिकामीच खाली गेली.

पाचव्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली. ओठ मिटलेले, कपाळावर घाम. अंबादासनं हात पुढं केला. तिनं कठडा धरला, उठली आणि पुढची पायरी उतरली.

तो चपला घेऊन एक पायरी मागं राहिला. आयुष्यभर त्यानं लोकांना हाका मारल्या होत्या. आता तिनं एक हाक मारावी म्हणून तो थांबला होता, आणि ती खाली बघत उतरत होती.